लँडिंग लाईट लावली की ऑइल प्रेशर पडतं! अल्टरनेटर बदलला, बॅटरी बदलली, तरी तेच

रिव्हेटराजा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय कारण डोकं चालेनासं झालंय. दोन सीटचं, पूर्ण मेटलचं, स्वतः बांधलेलं विमान आहे, सहा वर्षं उडतंय. चार सिलिंडरचं एअरकूल्ड इंजिन, दोन मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी देणारे), ४० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) ज्याच्या पोटातच रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा) आहे, आणि साधी सील्ड लेड ॲसिड बॅटरी फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) लागून.

प्रॉब्लेम असा. फारसं काही चालू नसताना व्होल्टेज १४.१, झकास. लँडिंग लाईट लावली की १३.९, वर पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) लावली की १३.६, आणि स्ट्रोब चालू केला की आकडा नुसता नाचतो. एवढंच असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण त्याच क्षणी ऑइल टेम्परेचर १०-१२ डिग्री वर उडी मारतं आणि ऑइल प्रेशर ६० वरून ५० च्या खाली येतं. सगळं बंद केलं की दोन्ही परत जागेवर, जणू काही झालंच नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) होतो, लाईट लावली आणि समोर स्क्रीनवर प्रेशर पिवळ्यात, टेम्परेचर पिवळ्यात, पोटात गोळाच आला. उतरल्यावर ऑइल बघितलं, फिल्टर कापून बघितला, काही नाही.

आतापर्यंत केलेलं: नवीन बॅटरी. फरक शून्य. मग नवीन अल्टरनेटर. फरक शून्य. ऑइल प्रेशरचा सेंडर (इंजिनावरचा सेन्सर) बदलला, फरक शून्य. हेडफोनमध्ये एक बारीक शिट्टी पण येते जी आरपीएमबरोबर वरखाली होते. आणि इंजिन गरम असताना पुन्हा स्टार्ट करायला गेलं की स्टार्टर रडत रडत फिरतो. हल्ली थ्रॉटल पण जरा जड लागतो पण ते केबलला बरेच दिवस तेल नाही म्हणून असेल, त्याचा इथे संबंध नाही.

आता काय बदलू? रेग्युलेटर बाहेरचा लावू का?

फुलथ्रॉटल

भाऊ हे सरळ रेग्युलेटरचं लक्षण आहे, लोड वाढला की व्होल्टेज पडतंय म्हणजे रेग्युलेटर फील्ड (अल्टरनेटरच्या आतल्या चुंबकाचा करंट) वाढवत नाहीये. नवीन अल्टरनेटर पण डिफेक्टिव्ह निघू शकतो, माझ्या मित्राचा निघाला होता. बाहेरचा रेग्युलेटर लावून टाक आणि बॅटरी लिथियम कर, वजन पण वाचेल आणि स्टार्टर असा फिरेल की बघत राहशील.

मिलीव्होल्ट

राजा, थांब जरा. काहीही बदलू नकोस. तीन बॉक्स बदलून झाले आणि लक्षणात केसाएवढा फरक नाही, म्हणजे दोष बॉक्समध्ये नाहीच, बॉक्सच्या मधल्या तारांमध्ये आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललंय तुझं.

लँडिंग लाईट लावल्याने इंजिनातलं ऑइल तापत नाही आणि पातळही होत नाही. खरं प्रेशर जागेवरच आहे, खोटं बोलतोय तो आकडा. तेव्हा आधी मला तीन गोष्टी सांग.

पहिली, इंजिन बंद असताना नुसत्या बॅटरीवर मास्टर (मुख्य स्विच) ऑन करून लँडिंग लाईट आणि पिटो हीट लाव. ऑइल टेम्परेचर आणि प्रेशरचा आकडा तेव्हा हलतो का? प्रेशर शून्य असेल तरी टेम्परेचर बघता येईल. (पिटो हीट जास्त वेळ ठेवू नकोस, जमिनीवर ती भयंकर तापते आणि हात लावू नकोस.)

दुसरी, ऑइल टेम्परेचर उडी मारतं तेव्हा सिलिंडर हेडचं टेम्परेचर पण उडी मारतं का, की ते शांत असतं?

तिसरी, हे सगळं सुरू कधी झालं? त्याच्या आधीच्या महिन्यात इंजिनाच्या आसपास काय उघडलं होतंस?

टेलड्रॅगर_ताई

काका आले म्हणजे आता मल्टिमीटर निघणार 😄

राजा, शिट्टीबद्दल एक सोपी टेस्ट सांगते. जमिनीवर इंजिन चालू असताना अल्टरनेटरचा फील्ड स्विच बंद कर. शिट्टी लगेच गेली तर ती अल्टरनेटरची. गेली नाही आणि आरपीएमबरोबर टिकटिक वाढतेय तर ती इग्निशनची, म्हणजे मॅग्नेटोच्या पी-लीडचं (मॅग्नेटो बंद करणाऱ्या वायरचं) शील्ड बघायचं. आणि ठराविक वेळाने टुक... टुक येत असेल तर स्ट्रोबचा पॉवर सप्लाय. तिन्हींचा आवाज एकदा कानात बसला की पुन्हा चुकत नाही.

एक सूचना, तुझ्या अल्टरनेटरला चालू इंजिनात स्विचने बंद करणं चालतं का ते त्याच्या वायरिंगवर अवलंबून आहे. काही इंटर्नल रेग्युलेटरवाले एकदा चालू झाले की स्विचला दाद देत नाहीत. त्या जातीच्या अल्टरनेटरची आउटपुट वायर चालू लोडवर कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचने) तोडलीस तर त्याचाच रेग्युलेटर जळू शकतो. सगळे इलेक्ट्रिक लोड बंद करून, कमी आरपीएमवर कर.

रिव्हेटराजा

काका, उत्तरं देतो.

१) इंजिन बंद, मास्टर ऑन, लँडिंग लाईट आणि पिटो दोन्ही लावले. ऑइल टेम्परेचर ढिम्म हललं नाही! हे मी कधी करूनच बघितलं नव्हतं. व्होल्टेज १२.६ वरून १२.२ ला आलं, ते ठीकच आहे ना?

२) सीएचटी (सिलिंडर हेडचं टेम्परेचर) आणि ईजीटी (एक्झॉस्टचं) शांत असतात, एक डिग्रीचा फरक नाही.

३) सुरू कधी झालं... नीट आठवून बघितलं, मागच्या वार्षिक तपासणीनंतर. पण त्यात इलेक्ट्रिकल काहीच केलं नव्हतं. इंजिन माउंटला दोन ठिकाणी गंज दिसत होता म्हणून इंजिन उतरवलं, माउंट पावडर कोट करून घेतला, नवीन रबर टाकले, परत चढवलं. बस्स.

ताई, अल्टरनेटर बंद केला की शिट्टी जाते.

फुलथ्रॉटल

मग तर अल्टरनेटरच ना? शिट्टी पण त्याचीच, व्होल्टेज पण त्याचंच.

मिलीव्होल्ट

"बस्स" म्हणतोस तिथेच सगळं आहे रे राजा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

जरा सविस्तर लिहितो कारण हा गोंधळ फक्त तुझा नाही, वर्षाला दोनतीन जण तरी हेच घेऊन येतात आणि प्रत्येकाने आधी अल्टरनेटर बदललेला असतो.

इंजिन रबरच्या माउंटवर बसलेलं असतं. रबर वीज नेत नाही. म्हणजे विजेच्या हिशेबाने इंजिन हे एक बेट आहे, आणि त्या बेटाला विमानाच्या ग्राउंडशी (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या धातूशी) जोडणारा पूल म्हणजे ती एक वेणीची पट्टी किंवा जाड केबल, जिला आपण ग्राउंड स्ट्रॅप म्हणतो. स्टार्टरचा १५०-२०० अँपिअर करंट परत बॅटरीला त्याच पुलावरून जातो. अल्टरनेटरची बॉडी इंजिनाला बोल्ट केलेली, म्हणजे चार्जिंगचा सगळा करंटही त्याच पुलावरून. पुलावर रेझिस्टन्स आला की प्रत्येक अँपिअरला टोल भरावा लागतो, व्होल्टमध्ये.

आता तुझी लक्षणं एकेक लाव. तुझ्या ऑइलच्या दोन्ही सेंडरना एकच वायर आहे, बरोबर? दुसरं टोक म्हणजे सेंडरची बॉडी, म्हणजेच इंजिन. इन्स्ट्रुमेंट मात्र मोजतं स्वतःच्या ग्राउंडपासून, जे फायरवॉलवर आहे. दोघांच्या ग्राउंडमध्ये अर्धा व्होल्टाचा फरक पडला की सेंडर बिचारा खरं सांगत असला तरी इन्स्ट्रुमेंटला खोटं ऐकू येतं. आणि दिशा बघ, अल्टरनेटर चार्ज करत असताना करंट फायरवॉलकडून इंजिनाकडे परत येतो, म्हणजे इंजिन फायरवॉलपेक्षा थोडं निगेटिव्ह होतं. इन्स्ट्रुमेंटला वाटतं सेंडरचा रेझिस्टन्स कमी झाला. टेम्परेचरच्या सेंडरमध्ये कमी रेझिस्टन्स म्हणजे जास्त गरम. तुझ्या जातीच्या प्रेशर सेंडरमध्ये, जिथे शून्य प्रेशरला साधारण १० ओहम आणि फुलला १८० असतात, कमी रेझिस्टन्स म्हणजे कमी प्रेशर. एक वर, एक खाली, दोन्ही एकदम. अगदी तू लिहिलंस तसंच. सीएचटी-ईजीटी शांत का? त्यांच्या सेन्सरला, म्हणजे थर्मोकपलला, दोन्ही वायरी स्वतःच्या असतात, त्याला इंजिनाच्या ग्राउंडशी देणंघेणं नाही.

इंजिन बंद असताना आकडा का हलला नाही? कारण तेव्हा लाईटचा करंट बॅटरी ते लाईट ते फायरवॉल असाच फिरतो, पुलावर पायच ठेवत नाही. त्या एका टेस्टने अर्ध्या गोष्टी बाद झाल्या, पॅनेलचं ग्राउंड, बॅटरीचं ग्राउंड, स्विच सगळं. उरला फक्त इंजिन आणि फायरवॉलमधला पूल. आणि फुलथ्रॉटल, अल्टरनेटर बंद केल्यावर शिट्टी जाते कारण पुलावरचा करंट जातो. अल्टरनेटरच्या आउटपुटवर थोडी रिपल (व्होल्टेजची बारीक लहर) असतेच, ती त्या रेझिस्टन्सवर आपटून सगळ्या ग्राउंडमध्ये पसरते.

आता मोजायचं कसं. मीटर ओहमवर लावून मोजू नकोस, तिथे मीटर आंधळा असतो. नुसत्या प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ओहम वगैरे येतो आणि आपण शोधतोय ०.०१ ओहम. मीटरचा बझर तर वाजेलच, बझर काय, केसाएवढ्या एका तारेवरही वाजतो. त्या जागी १५० अँपिअर गेला की ०.०१ ओहमवर दीड व्होल्ट पडतो, आणि दीड व्होल्ट कुठल्याही स्वस्तातल्या मीटरला दिसतो. म्हणून करंट चालू ठेवून व्होल्ट मोजायचे, डीसीवर.

एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, टर्मिनलवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या पोस्टवर. दुसरा इंजिनाच्या केसवर, कुठल्यातरी उघड्या धातूवर. क्लिप लावून लांब वायरी कॉकपिटमध्ये घे, मीटर काही करंट खात नाही त्यामुळे वायर बारीक आणि लांब चालेल. मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा कंट्रोल) कट, फ्युएल बंद, दोन्ही मॅग्नेटो ऑफ, प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढलेला, चाकांना चॉक, आणि प्रोपच्या आसपास कुणीही नाही. मॅग्नेटो ऑफ म्हणजे ऑफ असं कधी धरून चालू नये, पी-लीड तुटली असेल तर स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो जिवंतच असतो. मग तीनचार सेकंद स्टार्टर मार आणि आकडा बघ. ०.१ च्या आसपास आला तर मी चूक, पुढचं बोलू. ०.३ च्या वर गेला तर पूल खराब.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं जे तू शेवटी असंच टाकून दिलंस. थ्रॉटल जड झालाय. हे दुरुस्त होईपर्यंत उडू नकोस. पूल बंद असला की करंट थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि फायरवॉलमध्ये दुसरं काय काय धातूचं आहे? थ्रॉटल केबल. मिक्स्चर केबल. पी-लीडचं शील्ड. आणि फ्युएल होजची स्टीलची जाळी. गरम असताना स्टार्टर रडतो तेव्हा त्यातला बराच करंट तुझ्या थ्रॉटल केबलच्या स्प्रिंगसारख्या आवरणातून जात असणार. ती आतून तापते, आतलं प्लास्टिकचं लायनिंग मऊ होऊन वायरला धरतं. आज जड, उद्या जाम. फ्युएल होजची दोन्ही टोकं पण टॉर्च लावून बघ, जाळी जिथे फिटिंगला शिरते तिथे निळसर-काळसर डाग आहे का.

टेलड्रॅगर_ताई

थ्रॉटल केबलचं वाचून अंगावर काटा आला. मी पण "तेल नाही म्हणून असेल" हेच म्हटलं असतं.

माझा अनुभव टाकते, वेगळा आहे पण भाऊबंद आहे. माझं कंपोझिट, बॉडी प्लास्टिकची म्हणजे प्रत्येक दिव्याला परतीची वायर वेगळी. शेपटीचा दिवा अधूनमधून मंद व्हायचा. मी बल्ब बदलला, सॉकेट बदललं, स्विच बदलला. शेवटी कळलं की बांधताना मी एका क्रिम्पवर (दाबून बसवलेल्या जोडावर) "अजून पक्कं व्हावं" म्हणून सोल्डर सोडलं होतं. सोल्डर वायरच्या आत चढलं आणि जिथे ते संपतं तिथे वायर काडीसारखी कडक. व्हायब्रेशनने बरोबर त्या रेषेवर १९ पैकी १६ तारा तुटलेल्या, वर हीटश्रिंक असल्यामुळे बाहेरून नवी नवरी. तीन तारांवर बझर वाजतो, दिवा लागत नाही. काकांचं वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

तेव्हापासून रॅचेटवाला क्रिम्पर, चांगले टर्मिनल, आणि प्रत्येक क्रिम्प झाल्यावर हाताने कचकून ओढून बघते. सोल्डर जिथे हवं तिथेच, वायर दोन्ही बाजूंनी बांधलेली असेल तर.

रिव्हेटराजा

आज सकाळी काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलं. आकडे लिहितो.

क्रँक करताना बॅटरी निगेटिव्ह पोस्ट ते इंजिन केस: २.४ व्होल्ट 😳

दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. मग सगळे प्लग परत लावून इंजिन चालू केलं, सगळे लोड लावले, स्क्रीनवर २५ अँपिअर, तेव्हा त्याच दोन जागी ०.४ व्होल्ट. अल्टरनेटरच्या आउटपुट पोस्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.२, आणि बॅटरीवर १३.६. (क्लिप आधीच लावून ठेवल्या होत्या, चालू इंजिनात हात घातला नाही.) म्हणजे अल्टरनेटर बिचारा १४.२ देतच होता!

मग क्रँक करत असताना मुलाला कॉकपिटात थ्रॉटलच्या नॉबपाशी केबलवर हात ठेवून बसवणार होतो, पण म्हटलं नको, क्रँक झाल्यावर लगेच मीच हात लावून बघितला. फायरवॉलच्या मागे केबलचं आवरण कोमट. मिक्स्चरची तशीच. काका तुम्ही न बघता ओळखलंत.

फ्युएल होजची टोकं स्वच्छ आहेत, डाग नाही. देव पावला. माझ्या होजवर वरून फायरस्लीव्ह आहे, ती मागे सरकवून बघितलं.

स्ट्रॅप स्वतः चकाचक दिसतो. इंजिन केसवरून निघून माउंटच्या नळीवरच्या एका टॅबला बोल्ट केलाय. अजून उघडला नाही, आधी लिहावंसं वाटलं.

मिलीव्होल्ट

२.४! स्टार्टरला बॅटरीतून मिळणाऱ्या साधारण दहा व्होल्टातले अडीच पुलावरच जळतायत, तो रडेल नाही तर काय करेल. हिशेब जुळतो बघ, २.४ भागिले १५० म्हणजे ०.०१६ ओहम, आणि २५ अँपिअरला तेवढ्यावर ०.४ व्होल्ट. दोन वेगळ्या करंटला एकच रेझिस्टन्स आला म्हणजे मोजमाप खरं आहे. आणि १४.२ मधून १३.६ गेले तर ०.६, त्यातले ०.४ ग्राउंडमध्ये, उरलेले ०.२ प्लसच्या बाजूला आउटपुट वायर, फ्यूज आणि अँमीटरच्या शंटमध्ये. ते चालेल, पण हात घातलाच आहेस तर तिथलेही नट आवळून बघ.

आता टॅब उघड. काय निघणार ते मला दिसतंय, पण तूच सांग.

रिव्हेटराजा

बोल्ट काढला. टॅबवर पावडर कोट जसाच्या तसा, पांढराशुभ्र, वर लगचा (स्ट्रॅपच्या टोकाच्या टर्मिनलचा) गोल ठसा आणि बोल्टच्या भोकाच्या कडेला सुईच्या टोकाएवढी धातूची चमक. सगळा करंट त्या कडेवरून आणि बोल्टच्या आट्यांवरून जात होता. आणि मग लक्षात आलं की माउंट ते फायरवॉल जे चार बोल्ट आहेत त्यांच्या तोंडावर पण कोट आहे. म्हणजे पुलाच्या दोन्ही टोकांना रंग. पावडर कोट करणाऱ्याला मीच सांगितलं होतं "कुठेही उघडं ठेवू नकोस". त्याने इमानदारीने ऐकलं 🤦

प्रश्न: टॅबवरचा कोट खरवडून परत लावू का?

मिलीव्होल्ट

खरवडू नकोस, माउंटचा नाद सोड. माउंट हा इंजिन धरायला आहे, करंट न्यायला नाही. गंजामुळे तो एकदा उतरवलाच आहेस, कोट तोडलास तर पुन्हा तिथूनच गंज सुरू.

इंजिन केसवरून सरळ फायरवॉलच्या ग्राउंड स्टडवर जा, ज्या स्टडवर बॅटरीचा निगेटिव्ह येतो त्याच स्टडवर. ४ गेजची बारीक तारांची लवचिक केबल किंवा तेवढ्याच जाडीची वेणी घे. ४ गेजला मीटरला साधारण ०.८ मिलीओहम पडतो, तुझं अंतर अर्धा मीटर धरलं तरी नगण्य. इंजिन स्टार्ट-बंद होताना चांगलं हलतं, म्हणून केबलला मोकळा लूप ठेव, ताणून बसवू नकोस आणि एक्झॉस्टपासून लांब ने.

लगचं तोंड धातूला थेट टेकलं पाहिजे. बरेच जण लगच्या खाली वॉशर घालतात, मग स्टीलचा वॉशर मध्ये येतो. करंट लगच्या सपाट तोंडातून जायला हवा, बोल्टचं काम फक्त दाबून धरणं. स्टडवर लगवर लग, वर वॉशर, वर लॉकनट. इंजिन केसवर आधीच एखादी रिकामी आटेवाली जागा असेल तर ती वापर, तिथला रंग-ऑइल काढून धातू उघडा कर, आवळ, आणि मग बाहेरून गंजरोधक फासून बंद कर. क्रम उलटा करू नकोस, आधी फासून मग आवळू नकोस.

थ्रॉटल आणि मिक्स्चर केबल दोन्ही नवीन टाक, तेल घालून चालवू नकोस. आणि नवीन अल्टरनेटर बसवलास तेव्हा ओव्हरव्होल्टेजचं प्रोटेक्शन चालतंय का बघितलं होतंस का? साधारण १६ व्होल्टवर ट्रिप व्हायला पाहिजे. रेग्युलेटर अडकला तर तोच एक पहारेकरी आहे, नाहीतर रेडिओपासून स्क्रीनपर्यंत सगळं भाजून निघेल.

फुलथ्रॉटल

मान्य काका, मी घाई केली. पण लिथियमचं काय वाईट आहे?

मिलीव्होल्ट

वाईट काही नाही, हलकी असते, क्रँकिंग छान. पण राजाच्या विमानात लावली असती तर काय झालं असतं बघ. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज निवांत असताना १३.३ च्या आसपास आणि आतला रेझिस्टन्स कमी, म्हणजे क्रँकिंगला व्होल्टेज जास्त टिकतं, म्हणजे स्टार्टर जोरात फिरला असता, राजा खूश झाला असता, आणि थ्रॉटल केबलमधून आणखी जास्त करंट गेला असता. दोष तसाच, लक्षण गायब. मला अशा दुरुस्तीची जास्त भीती वाटते.

शिवाय बहुतेकांच्या आत बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असतो, चार्जिंग हाताबाहेर गेलं की तो बॅटरी सर्किटमधून तोडतो, आणि बॅटरीशिवाय एकटा अल्टरनेटर काय व्होल्टेज काढेल त्याचा भरवसा नाही. त्यामुळे लिथियम लावायची तर ओव्हरव्होल्टेजचा विचार आधी.

सोलो_आजच

मध्येच विचारतो माफ करा, माझा प्रॉब्लेम पण ग्राउंडचाच वाटतोय. मास्टर कॉन्टॅक्टर नवीन लावला, त्याच्या कॉइलवर डायोड पण लावला, मास्टर ऑन केला की कॉन्टॅक्टर ओढतच नाही आणि स्विचकडे जाणारी वायर गरम होते.

टेलड्रॅगर_ताई

डायोड उलटा आहे. मास्टर परत ऑन करू नकोस. पट्टी असलेलं टोक कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवर हवं. उलटा लावलास तर स्विच दाबताच डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. डायोड आणि ती वायर दोन्ही बदल, इन्सुलेशन मऊ झालं असेल तर तिच्या शेजारच्या वायरी पण तपास. बाकी काही असेल तर नवीन धागा काढ, इथे राजाचं चालू आहे.

रिव्हेटराजा

दहा दिवसांनी अपडेट.

नवीन केबल टाकली, इंजिन केस ते फायरवॉल स्टड, सरळ. स्टडच्या मागे फायरवॉलच्या आतल्या बाजूला पॅनेलची सगळी ग्राउंड येतात तेही लग काढून साफ केले. क्रँकिंगला ड्रॉप आता ०.०९ व्होल्ट. २५ अँपिअर लोडवर मीटर ०.०१ आणि ०.०२ च्या मध्ये घुटमळतो. बॅटरीवर पूर्ण लोडला १४.०. लँडिंग लाईट लावली, पिटो लावली, ऑइल प्रेशर ६१, आणि ६१ च राहिलं. मी पाच मिनिटं नुसता स्विच खालीवर करत बसलो होतो, बायको म्हणाली खेळणं मिळालंय का.

थ्रॉटल केबल काढली आणि आवरण कापून बघितलं. फायरवॉलच्या ग्रोमेटपाशी साधारण चार बोटं लांबीत आतलं पांढरं लायनिंग तपकिरी झालेलं, एका जागी वितळून वायरवर गोळा झालेला. वायरवर बारीक काळे खड्डे. मिक्स्चरची बरी होती, तरी बदलली. ते दोन तुकडे हँगरमध्ये भिंतीला टांगलेत.

ओव्हरव्होल्टेज मॉड्यूल काढून बेंचवर व्हेरिएबल सप्लायने तपासलं, १६.१ ला ट्रिप होतं.

शिट्टी ९० टक्के गेली. अगदी शांत असताना, इंटरकॉमचा आवाज वाढवला की किंचित ऐकू येते. आणि जुना अल्टरनेटर शेल्फवर पडलाय, तो चांगलाच होता ना, मग ठेवू की?

टेलड्रॅगर_ताई

उरलेल्या शिट्टीसाठी हेडसेटचे जॅक बघ. मेटलच्या पॅनेलवर थेट बसवले असतील तर जॅकची बॉडी तिथे ग्राउंड होते आणि वायरचं शील्ड इंटरकॉमला ग्राउंड होतं, दोन ग्राउंड म्हणजे लूप. जॅकला फायबरचे इन्सुलेटिंग वॉशर येतात, खांद्यावाला एक आणि सपाट एक, ते घाल. शील्ड फक्त इंटरकॉमच्या टोकाला जोडलेलं असू दे.

मिलीव्होल्ट

०.०९, छान. तो आकडा लॉगबुकात तारखेसकट लिहून ठेव, पुढच्या वार्षिकला परत मोज. ०.०९ चे ०.२ झाले की आवळायची वेळ झाली.

अल्टरनेटर ठेव. शेल्फवर टाकण्याआधी बेंचवर फिरवून लोड देऊन आउटपुटला मीटर एसीवर लाव, अर्धा व्होल्टाच्या वर एसी दिसला तर एखादा डायोड गेलाय, नाहीतर तो ठणठणीत आहे. आणि त्याला चिठ्ठी बांध, "हा निर्दोष होता".

रिव्हेटराजा

चिठ्ठी बांधली. जॅकचे वॉशर मागवलेत, घातले की सांगतो.